चित्र हलतं ते कुणाच्या हातानं?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'अ‍ॅनिमेटर' असं छापलंय. त्यामुळं सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "किती गावं आहेत तुमच्याकडं? प्रकल्प कुठला?" त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या कामात अ‍ॅनिमेटर म्हणजे गावोगाव फिरून बायकांचे गट बांधणारी, त्यांना बोलतं करणारी कार्यकर्ती. मी त्यातली नाही. मी चित्रं हलवते. कार्टून करते म्हणा हवं तर. शब्द मात्र एकच आहे आणि त्याचा मूळ अर्थही एकच, जीव ओतणं. मानधनही दोघींचं सारखंच तुटपुंजं असतं, त्यामुळं फार फरक आहे असं मला वाटत नाही.

मला सांगितलंय ते असं: स्वतःविषयी बोला, नोकरीबाहेर जे काही करता त्याविषयी बोला, आणि मध्यंतरी परदेशी जाऊन आलात त्याविषयीही बोला. या गोष्टी माझ्या बाबतीत एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की वेगळ्या करून सांगता येणार नाहीत. जमेल तसं सांगते.

माझे वडील मिरजेला पाट्या रंगवत. किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, दवाखाने, निवडणूक आली की भिंती. आई रंग कालवून द्यायची, रॉकेलमध्ये ब्रश धुवायची, आणि वडिलांनी अक्षरांची कड आखून दिली की आतला रंगही भरायची. मोठ्या पाटीचं निम्मं काम तिचं असे. खालच्या कोपऱ्यात सही मात्र 'पेंटर' म्हणून वडिलांची. यात काही वावगं आहे असं आईला वाटत नव्हतं, आणि तेव्हा मलाही वाटत नव्हतं. सुटीत मीही रंग भरायला बसे. कडेच्या बाहेर रंग गेला की डोक्यात टपली बसायची. कडेच्या आत राहायचं हे शिक्षण पुढं फार उपयोगी पडलं, कारण पहिली नोकरी नेमकी त्याचीच मिळाली.

१९९८ साली कोल्हापूरहून कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेऊन मी मुंबईला आले आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत लागले. अमेरिकेतल्या टीव्हीवर ज्या कार्टून मालिका लागतात त्यांचं मेहनतीचं, वेळखाऊ काम स्वस्त मजुरीच्या देशांत पाठवायची पद्धत तेव्हा रुळली होती. कोरिया, तैवान, फिलिपिन्स असं फिरत ते आपल्याकडंही यायला लागलं होतं. कपड्यांच्या कारखान्यांचं जसं झालं तसंच.

हे काम चालतं कसं ते थोडं सांगते. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. समजा एक माणूस हात वर करतोय. हात खाली असतानाचं आणि वर पोचल्यावरचं, अशी मुख्य चित्रं काढणाऱ्याला 'की अ‍ॅनिमेटर' म्हणतात. मधली सगळी चित्रं भरणारा तो 'इनबिट्वीनर'. मग त्या खरखरीत रेघांवरून स्वच्छ रेघ ओढायची, ते 'क्लीनअप'. आणि शेवटी रंग. गोष्ट काय, पात्रं कशी दिसणार, हे सगळं तिकडं ठरून यायचं. आमच्याकडं यायचा तो घाम.

आमच्या हॉलमधली बसण्याची रचना तुम्ही पाहिली असतीत तर वेगळा अभ्यासवर्ग घ्यावा लागला नसता. खिडकीकडच्या रांगेत की अ‍ॅनिमेटर, सगळे पुरुष. मधे इनबिट्वीनवाले, मिसळ. भिंतीकडं क्लीनअप आणि रंग, सगळ्या मुली. "मुलींचा हात कसा स्वच्छ असतो," असं आमचे सुपरवायझर कौतुकानं म्हणायचे. ते कौतुक आम्हाला फार महागात पडलं, कारण स्वच्छ हाताचे पैसे चित्रावर मोजून मिळत आणि खिडकीकडच्यांना महिन्याचा पगार असे. मी की अ‍ॅनिमेशनची चाचणी मागितली तेव्हा उत्तर मिळालं, "मग क्लीनअप कोण बघणार?" तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मिळाली. तोवर चार वर्षं गेली होती. आणि मालिकेच्या शेवटी जी नावांची यादी सरकते ना, तिच्यात आमच्यापैकी कुणाचंच नाव नसे, खिडकीकडच्यांचंही नाही. तिथं फक्त कंपनीचं नाव.

हे आमच्या एकट्या स्टुडिओचं नव्हतं, हे नंतर वाचून कळलं. डिस्नी स्टुडिओनं १९३८ साली नोकरी मागणाऱ्या एका तरुणीला पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात सरळ सांगितलंय की कार्टून तयार करण्याचं सर्जनशील काम बायका करत नाहीत, ते तरुण पुरुष करतात. बायकांना एकच काम खुलं आहे: पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईनं रेघ ओढणं आणि मागच्या बाजूनं रंग भरणं. 'स्नो व्हाइट' येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते, आणि ती ज्या हजारो सेल्सवर उभी होती त्या बायकांनीच रंगवल्या होत्या. डिस्नीच्या चित्रपटात अ‍ॅनिमेटर म्हणून नाव झळकलेली पहिली बाई रेटा स्कॉट, 'बॅम्बी'मध्ये, १९४२ साली. तिनं काय काढलं होतं माहीत आहे? हरणीवर तुटून पडणारे शिकारी कुत्रे. नाजूक हातांनी फुलंपाखरं काढावीत अशी अपेक्षा असणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगते.

आणि १९६१ साली काय झालं? '१०१ डाल्मेशियन्स'च्या वेळी कागदावरची रेघ थेट सेलवर उतरवणारं झेरॉक्सचं तंत्र आलं. शाईवाल्या बायकांची वर्षानुवर्षांची कारागिरी एका यंत्रानं बाद केली. खिडकीकडच्या रांगेला धक्का लागला नाही. आज मी हे का सांगतेय? कारण आता दोन चित्रं दिली की मधली चित्रं संगणक स्वतः भरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चर्चासत्रं होतात तिथं 'कलावंताचं भवितव्य' असा मोठा विषय असतो. पण यंत्र आधी कुणाच्या खुर्चीत येऊन बसतं? इनबिट्वीन आणि क्लीनअप करणाऱ्या पोरींच्या. माझ्या हाताखाली शिकलेल्या तीन मुलींचं काम असंच गेलं. त्यातली एक आता ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत साड्यांच्या फोटोंची पार्श्वभूमी पुसण्याचं काम करते, आणि तेही किती दिवस राहील याची तिला खात्री नाही. यंत्राला विरोध करून भागत नाही, हे मलाही समजतं. पण यंत्र येतं तेव्हा कुठल्या रांगेतून माणसं उठवली जातात, हे मोजून ठेवायला कुणाचीच हरकत नसावी.

आपल्याकडचंही सांगते. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगपेटीतल्या काड्या एकेक चौकट सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली. आपल्या देशातल्या अ‍ॅनिमेशनची सुरुवात तिथपासून सांगतात. त्या घरात कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडणं, फिल्म धुणं, ही कामं सरस्वतीबाई फाळके करत. शिवाय चित्रपटासाठी दागिने दिले ते त्यांनी, आणि घरात जमलेल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांचाच. अलीकडं त्यांचं नाव घेतात, पण घेतात ते 'पतीच्या पाठीशी उभी राहिलेली' म्हणून. अहो, भोकं वाकडी पडली तर फिल्म कॅमेऱ्यातून सरकतच नाही! याला पाठीशी उभं राहणं नाही, काम म्हणतात.

दुसरं नाव विजया मुळे यांचं. मुंबईत जन्मल्या, २०१९ साली ९८ व्या वर्षी गेल्या. पक्षी एकजुटीनं जाळंच घेऊन उडतात ती 'एक अनेक और एकता' नावाची छोटी फिल्म दूरदर्शनवर तुम्ही साऱ्यांनी पाहिली आहे. ती १९७४ साली त्यांनी केली, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. आपल्या शिबिरांत एकजुटीची गोष्ट म्हणून आजही ती सांगितली जाते. ती एका बाईनं केली आहे हे विचारलं तर दहातल्या नऊजणींना माहीत नसतं.

आता माझं घर. २००२ साली लग्न केलं, स्टुडिओतल्याच एकाशी, खिडकीकडच्या रांगेतला. २००४ मध्ये मुलगी झाली. सातव्या महिन्यापर्यंत मी लाइटबॉक्सवर वाकून काम करत होते. मग "घरून कर, तुझ्याच सोयीचं आहे" असं सांगण्यात आलं. घरून करायला लागले, तर कामाचे गठ्ठे हळूहळू पातळ होत गेले आणि एक दिवस यायचेच थांबले. मला कुणी काढलं नाही. मी नोकरीवर होते असा कागदच नव्हता, तर काढणार कशावरून? २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, ५० माणसं असतील तिथं पाळणाघर ठेवण्याचं बंधन आलं. चांगलं झालं. पण आमच्या धंद्यातल्या बहुसंख्य बायका 'फ्रीलान्स' आहेत, म्हणजे कामगार म्हणून कुठल्याच पटावर नाहीत. हा शब्द फार गोड आहे. त्यातला 'फ्री' म्हणजे मोकळं कोण, याचा विचार आपल्या कामगार आघाडीनं जरूर करावा.

२०११ मध्ये नवरा कॅनडातल्या एका स्टुडिओत गेला. सुरुवातीला सहा महिन्यांचं ठरलं होतं. पुढचं सांगण्यात वेळ घालवत नाही, आपल्याकडं अशा गोष्टींचे ढीग आहेत. सांगण्यासारखं एवढंच की सासूबाई माझ्याकडेच राहिल्या. लोक विचारतात, "नवरा नाही तर सासू कशी?" आम्ही दोघींनी एकमेकींना हा प्रश्न कधी विचारला नाही. त्यांना पेन्शन नव्हती, मला मुलीजवळ बसायला कुणी नव्हतं. सुरुवात अशी व्यवहाराची होती. मायेचं नंतर झालं. माई आता ८१ वर्षांच्या आहेत, मुलगी पुण्यात शिकते. माझ्या उजव्या मनगटाला मात्र वीस वर्षांच्या रेघांचं बक्षीस मिळालंय. रात्री पट्टा बांधून झोपते. आमच्यातल्या किती जणींचं मनगट गेलंय हे कुणी मोजलेलं नाही.

माई गोधड्या शिवतात. जुन्या लुगड्यांचे, शर्टांचे तुकडे जमिनीवर मांडून त्या तास तास नुसत्या बघत बसायच्या, एक तुकडा इकडं सरकव, एक तिकडं. २०१६ च्या उन्हाळ्यात मी वर माळ्याला कॅमेरा बांधला आणि त्यांनी प्रत्येक तुकडा सरकवला की एक फोटो, असं करत गेले. आठ दिवसांत चाळीस सेकंदांची फिल्म झाली. चिंध्या आपापल्या जागा शोधत येतात आणि गोधडी होते, बस. माईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "मधला निळा फार घाईत आला." अगदी बरोबर होतं ते, दोन चौकटी कमी पडल्या होत्या. तेव्हापासून त्या माझ्या परीक्षक आहेत.

अशा कामाला जाहिरातवाले 'साइड प्रोजेक्ट' म्हणतात. पोट भरतं ते बँकांच्या, औषध कंपन्यांच्या छोट्या फिल्म्सवर. रविवारी आणि रात्री हे. पण कापडातून गोष्ट सांगणारी मी पहिली नाही. नीना सबनानी यांनी कच्छमधल्या 'कलारक्षा' संस्थेतल्या मारू मेघवाळ बायकांबरोबर २००९ साली 'टांको बोले छे' ही फिल्म केली. १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधून इकडं येणं, २००१ चा भूकंप, हे सगळं त्या बायका आपल्या भरतकामातून आणि आपल्याच आवाजात सांगतात. मिळाली तर जरूर बघा. इंग्लंडात लीड्स अ‍ॅनिमेशन वर्कशॉप म्हणून बायकांचा गट आहे, तो १९७८ साली सुरू झाला तो पाळणाघरांच्या मागणीवर फिल्म करायची म्हणून! पुढं रस्त्यावरची छेडछाड, कारखान्यातली सुरक्षा, कसल्या कसल्या विषयांवर त्यांनी फिल्म्स केल्या, आणि सगळ्या मिळून केल्या. आपण 'मुलगी झाली हो' घेऊन गावोगाव जात होतो त्याच काळात त्या फिल्मची रिळं घेऊन सभांना जात होत्या. तेव्हा एकमेकींची गाठ पडली असती तर, असं मला नेहमी वाटतं.

२०२४ च्या जूनमध्ये मी साठवलेले पैसे मोडून फ्रान्समधल्या अ‍ॅनसीला गेले. तिथं १९६० पासून अ‍ॅनिमेशनचा महोत्सव भरतो. तळ्याकाठचं देखणं गाव, आणि आठवडाभर गल्लीबोळांत नुसती चित्रं हलवणारी माणसं. फिल्म सुरू होण्याआधी मोठ्या सभागृहात प्रेक्षक कागदी विमानं करून पडद्याकडं फेकतात. एखादं विमान रंगमंचापर्यंत पोचलं की टाळ्या! मी पन्नाशीजवळची बाई, पण माझंही एक पोचलं. गंमत सोडली तर तिथंही प्रश्न आपलेच. अमेरिकेतल्या 'विमेन इन अ‍ॅनिमेशन' संघटनेनं २०१५ साली ध्येय ठेवलं होतं की २०२५ पर्यंत सर्जनशील कामात निम्म्या बायका असाव्यात. शिकणाऱ्यांत मुली निम्म्याहून अधिक आहेत, आणि त्या जातात कुठं, याची चर्चा तिथं ऐकली. ऐकताना मला आमचा अंधेरीचा हॉल दिसत होता. तो इतका लांबचा नव्हता म्हणायचा!

पण मी खरी गेले होते ते पुढच्या प्रवासासाठी. तिथून दिवसभर आगगाड्या बदलत जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला गेले. तिथल्या नगर संग्रहालयात लोटे रायनिगरचं काम ठेवलेलं आहे. हे नाव आपल्याकडं फार थोड्यांना माहीत. १८९९ साली बर्लिनमध्ये जन्मलेली ही बाई कात्रीनं काळा कागद कापून आकृत्या करायची. हात, मान, गुडघे वेगवेगळे कापून तारेनं जोडायचे, काचेच्या टेबलावर ठेवायचे, खालून उजेड, वरून कॅमेरा, आणि एकेक चौकट हलवत जायचं. १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं पोट्सडॅममध्ये एका सावकाराच्या गॅरेजवरच्या खोलीत बसून तिनं 'राजपुत्र अहमदची साहसं' हा तासाभराचा चित्रपट केला, अरबी सुरस कथांवरून. 'स्नो व्हाइट'च्या अकरा वर्षं आधी! आज जगात टिकून असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट तो. तिचा नवरा कार्ल कोख कॅमेरा सांभाळायचा. हे मला फार आवडलं, की कधीतरी एकदा नवरा कॅमेरा सांभाळत होता आणि सही बायकोची होती. ती १९८१ साली वारली, त्या गावाजवळच.

त्या आकृत्यांसमोर मी दोन तास उभी होते. चेहरा नाही, डोळे नाहीत, तोंडाचा रंग नाही. फक्त बाजूनं दिसणारी काळी कड. आणि तरी मान किती झुकली यावरून दुःख कळतं, बोटं किती उघडली यावरून भीती कळते. चेहरा न दाखवता बाईचं सगळं सांगता येतं. हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं, आणि त्याचं कारण मी पुढं सांगणार आहे.

परतल्यावर जुलैच्या पावसात कोकण रेल्वेनं कुडाळला गेले, तिथून पिंगुळीला. ठाकर समाजाची चित्रकथी तिथली. कागदावर काढलेली चित्रं एकामागून एक धरायची आणि गात गात रामायण-महाभारतातली आख्यानं सांगायची. कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्यांचा पडद्यामागून उजेड टाकून केलेला खेळही आहे. त्या घराण्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी घरच्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं केलंय. जर्मनीत काचेमागं जे पाहिलं त्याचं सख्खं भावंड इथं दमट हवेत सांभाळून ठेवलेलं, आणि ते बघायला मी आधी सात हजार किलोमीटर लांब जाऊन आले होते! रायनिगरकडची बाहुली काळी, आपल्याकडची रंगीत. चामडं पातळ असतं, उजेड त्यातून गाळून येतो.

आता ते कारण. बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गटाबरोबर आपल्या संघटनेतल्या दोघी काम करतात. गावाचं नाव मी सांगणार नाही. तुम्हाला विषय माहीत आहे. २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कोपीवर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या, एक दिवस घरी बसलं तर खाडा, खाड्याचा दंड. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल नवऱ्याच्या हातात पडते, आणि बाईचं अंग मोडलं तरी उचल फिटायची राहतेच. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि पिशवी काढतो. या बायकांना आपली गोष्ट दुसऱ्या तालुक्यांतल्या बायकांपर्यंत पोचवायची होती. पत्रकार येऊन गेले होते, कॅमेरे येऊन गेले होते. पण पडद्यावर तोंड दिसलं की मुकादम पुढच्या हंगामाची उचल देत नाही, ही भीती खरी होती. म्हणून मला बोलावलं.

ऑगस्टमध्ये गेले. त्या काळात बायका गावी असतात. पहिल्या दिवशी आगपेटी आणि मोबाइल घेऊन बसलो. काडी सरकव, फोटो काढ, काडी सरकव, फोटो काढ. बारा फोटो झाले आणि काडी चालायला लागली, तेव्हा जी हसाहशी झाली ती सांगता येणार नाही. फिल्म करायची ठरली ती गोधडीच्या तुकड्यांची, कारण फडावर जाताना गाडीत आधी गोधडीच पडते. कापडातून कापलेल्या बायका, चेहरा नाही, सांधे दोऱ्यानं टाचलेले. मोळी कशी उचलतात हे मी विचारलं तर एकीनं उठून करून दाखवलं. आधी मान ताठ होते, मग श्वास धरला जातो, मग गुडघा. दुसरी म्हणाली, "पिशवी काढल्यावर तसं न्हाई उचलता येत, आधी कमरंला हात जातो." तो हात फिल्ममध्ये आहे. की अ‍ॅनिमेशन त्यांनी केलंय, मी मधली चित्रं भरली. सात मिनिटांची फिल्म, हिशेबानं ५,०४० फोटो. काही ठिकाणी चित्र थांबवून ठेवलं म्हणून साडेतीन हजारांत भागलं.

चेहऱ्याचा प्रश्न सुटला, पण आवाजाचा? आवाज गावात लगेच ओळखतात. मशीनमधून जाड-बारीक करून पाहिला, तर बाई टिंगल केल्यासारखी वाटायला लागली. मग त्यांच्यातल्याच एकीनं तोड काढली: "माजी गोष्ट तू सांग, तुजी मी सांगते." चौघींनी एकमेकींच्या गोष्टी सांगितल्या. कुणी विचारलंच तर 'ही माझी नव्हं' असं प्रत्येकीला खरं खरं म्हणता येतं. आणि यातून एक असं झालं की जे मी आजवर कुठल्याच ध्वनिमुद्रणात ऐकलं नव्हतं. स्वतःचं सांगताना बाई जिथं "झालं मंग" म्हणून पुढं सरकते, तिथंच दुसरीचं सांगताना ती थांबली. दुसरीसाठी तिला राग आला. एक तर बोलता बोलता त्या डॉक्टरला शिवीच देऊन मोकळी झाली. ती शिवी ठेवायची की नाही यावर चर्चा झाली, आणि ठेवली.

खरा वाद झाला तो शेवटच्या पाटीवर. नावं द्यायची नाहीत असं ठरलं होतं. त्याऐवजी प्रत्येकीनं एका तुकड्यावर आपली खूण शिवायची. कुणी कोयता शिवला, कुणी बैलजोडी, एकीनं नुसता उभा धावदोरा. पण एका बाईनं आपलं नाव शिवून आणलं. नवऱ्याचं नाही, बापाचंही नाही, स्वतःचं आणि पुढं आईचं. बाकीच्या हादरल्या. "तुझ्या एका नावानं आम्ही सगळ्या वळखू येऊ," असं एक जण म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. ती म्हणाली, "चाळीस वर्स कोयता म्हनून मोजली. कारखान्याच्या वहीत माझं नाव न्हाई, दवाखान्याच्या कागदावर खाडाखोड हाय. हितं तरी राहू द्या." रात्री अकरापर्यंत हे चाललं. मी मधे पडले नाही. संघटनेच्या दोघीही पडल्या नाहीत, आणि ते सोपं नव्हतं, कारण सुरक्षिततेची जबाबदारी आपली आहे असं आपण मानतो. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. तिनं स्वतःची गोष्ट जिच्या तोंडी दिली होती ती बदलायची नाही, गावाचं नाव कुठंही येऊ द्यायचं नाही, तिचं नाव येईल पण ते फिल्मच्या शेवटी 'शिवणकाम' याखाली येईल. म्हणजे ती शिवणारी ठरते, सांगणारी नाही. हा वकिली तोडगा चौथी पास बाईनं काढलाय.

त्या वर्षी तिला तिच्या नेहमीच्या मुकादमानं उचल दिली नाही. तो कारण सांगत नाही, त्यामुळं फिल्ममुळंच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या मुकादमाकडून मिळाली, थोडी कमी. नवरा महिनाभर कुरकुरत होता. नाव काढून टाकायचं का, असं मी २०२५ च्या उन्हाळ्यात तिला फोनवर विचारलं. तंत्राच्या दृष्टीनं ते एका तासाचं काम आहे. ती म्हणाली, "तुमी तुमचं लावलंय का न्हाई?" मी लावलंय, इनबिट्वीन म्हणून.

आतापर्यंत फिल्म बावीस गावांत दाखवली. प्रोजेक्टर मिळाला तर चादरीवर, नाहीतर कुणाच्या तरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावून. इंटरनेटवर टाकलेली नाही आणि टाकायची नाही, हे गटाचं ठरलेलं आहे, तेव्हा मोबाइलवर चित्रण करून कुणी पुढं पाठवू नये ही कळकळीची विनंती. ज्यांना आपल्या भागात दाखवायची असेल त्यांनी संघटनेच्या त्या दोघींशी बोलावं. बरोबर जाऊन चर्चा घेणारी एक तरी हवी, कारण बघून झाल्यावर बायका उठून जात नाहीत, बोलायला लागतात, आणि मग दोन तास कमी पडतात.

जेवणानंतर इथंच दाखवणार आहोत. मागच्या दोन खिडक्यांतून उजेड येतोय, तिथं लावायला जाड काहीतरी लागेल. कुणी सतरंजी किंवा गोधडी आणली असेल तर द्या.